चार कोपऱ्यांचा भाव

जुनं कार्ड विकायला काढलं की जाणता माणूस ते आधी उलटं करतो. पुढचं चित्र त्याने हजारदा पाहिलेलं असतं. त्याला पाठ बघायची असते. पोकेमॉनच्या कार्डाची पाठ गडद निळी. त्या निळ्या कडेवर पांढरे टिपके उमटलेत का, कोपऱ्याचा रंग झडून आतला कागद दिसायला लागलाय का, हे तो फक्त कडा बोटांत धरून न्याहाळतो. मग कार्ड सुलटं करून दिव्याखाली तिरपं धरतो, म्हणजे चकचकीत भागावरचे ओरखडे वर येतात. सांगलीला आमच्या दारावर येणारी बोहारीण आईची जरीची साडी अशीच उजेडाकडे धरायची. आई तिला पदर दाखवत असायची आणि तिचं लक्ष घडीवर. साडी विरते ती घडीवर, आणि कार्ड मरतं ते कोपऱ्यावर.

हे ज्ञान मला अलीकडेच झालं. एडिसनमधलं घर विकून आम्ही दोघांनी लहान जागेत जायचं ठरवलं आणि तळघर उपसायला घेतलं. न्यू जर्सीत संसार केलेल्या कुठल्याही मराठी घराच्या तळघरात साधारण तेच निघतं: मखराचे थर्माकोलचे खांब, मंडळाच्या एकांकिकेतल्या दाढ्यामिशा, कधीच न वापरलेलं दुसरं पुरणयंत्र, मुलांच्या ट्रॉफ्या. आमच्याकडे त्यात एक जाडजूड काळा बाइंडर होता. नऊ-नऊ खणांची प्लास्टिकची पानं आणि प्रत्येक खणात एक कार्ड. शिवाय बुटांच्या खोक्यांमध्ये रबरबँड लावलेल्या गड्ड्या. मुलाला, निनादला, सिअ‍ॅटलला फोन लावला.

"आई, मला नकोत. विकून टाक. पण प्लीज, गराज सेलमध्ये नको. चांगल्या किमतीला विक."

चांगली किंमत म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही. त्याला मीटिंग होती. मला सवड होती.

ज्यांच्या घरात हे वारं कधी शिरलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोकेमॉनची कार्डं निघाली जपानमध्ये १९९६ साली, आणि अमेरिकेत ती आली १९९९च्या जानेवारीत. पाकिटात ११ कार्डं. बहुतेक साधी, एक दुर्मीळ, आणि नशीब असलं तर ते दुर्मीळ कार्ड चकाकणारं. पहिल्या संचात एकूण १०२ कार्डं होती आणि त्यांतलं चौथं म्हणजे चारिझार्ड, आग ओकणारा नारिंगी ड्रॅगन. त्या वर्षी दुसरी-तिसरीत असलेल्या पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं. मधल्या सुट्टीत अदलाबदल, अदलाबदलीतून भांडणं, भांडणांतून रडारड. शेवटी अनेक शाळांनी कार्डं आणायला बंदी घातली. आमच्याकडेही शाळेची तशी चिठ्ठी आली होती. माझ्या पिढीने काडेपेटीचे छाप जमवले, भारतात नव्वदीतल्या पोरांनी कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं आणि बिग फनच्या गमबरोबर येणारी क्रिकेटची चित्रं जमवली, तेव्हा हा आजार मला ओळखीचा होता. फरक एवढाच की आमच्या छापांना कोणी भाव विचारला नाही. निनादच्या पत्त्यांना बाजार होता, आणि तो बाजार सगळ्या जगभर पसरलेला.

सुरुवातीला आम्ही दोघंही हवेत होतो. मंडळातल्या एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं, की चारिझार्ड चार लाख वीस हजार डॉलरला गेलं, त्यांनी स्वतः वाचलंय. वाचलं असणार, बातमी खरीच होती, २०२२च्या मार्चमधली. आमच्या बाइंडरच्या पहिल्याच पानावर मधल्या खणात चारिझार्ड बसलेला. नवऱ्याने तर तेवढ्यात नव्या जागेचं कर्ज मनातल्या मनात फेडूनही टाकलं.

मग मी भिंग घेऊन बसले. काकांच्या बातमीतलं कार्ड पहिल्या छपाईचं होतं. त्याच्या चित्राच्या डाव्या अंगाला, खाली, एक छोटासा काळा शिक्का असतो आणि त्यात १चा आकडा. आमच्या कार्डावर ती जागा कोरी. बरं, शिक्का नाही तर नाही. पण शिक्का नसलेल्यांतही सुरुवातीची एक छपाई अशी आहे, की तिच्यात चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली नाही. ती कार्डंही चढ्या भावाने जातात. आमच्या चौकटीला सावली होती, चांगली ठसठशीत. म्हणजे हे त्यानंतरच्या छपाईचं, लाखो पोरांकडे होतं ते कार्ड. दिव्याखाली तिरपं धरलं तर ड्रॅगनच्या पंखामागच्या चकाकीवर केसाएवढा एक ओरखडा, आणि पाठीवर वरच्या कडेला पांढऱ्या टिपक्यांची लहानशी रांग. निनादने ते कार्ड वर्गात चारचौघांना दाखवलं होतं, हे त्या टिपक्यांवरून कळत होतं.

बाइंडरच्या पुढच्या पानांवर ब्लास्टॉइझ नावाचा आणखी एक पोकेमॉन निघाला. पुढून झकास. उलटा केला तर निळ्या पाठीवर बॉलपेनने, रेघेखाली रेघ मारून, देवनागरीत 'निनाद'. रविवारच्या मराठी शाळेत तेव्हा त्याची बाराखडी चालली होती. फोनवर विचारलं तर म्हणाला, "चोरीला जाऊ नये म्हणून लिहिलं होतं. कुणाला वाचता येणार नाही, पण माझं आहे हे मला कळेल." चोरीपासून कार्ड वाचलं खरं.

या धंद्यात भाव पाहायची एक रीत आहे आणि ती बहुतेक नवखे चुकवतात. ईबेवर एखादं कार्ड शोधलं की समोर येतात ते मागितलेले भाव. मागायला काय, कोणी चंद्र मागेल. शोधाच्या गाळणीत विकला गेलेला माल तेवढा दाखव म्हणून खूण करावी लागते. मग हिरव्या अक्षरांत जे आकडे येतात तो खरा बाजार. एकाच चारिझार्डला कोणी हजार मागत बसलेला असतो, आणि त्याच आठवड्यात तसंच कार्ड त्याच्या तिसऱ्या हिश्शाला गेलेलं असतं. ते हिरवे आकडेही नीट वाचावे लागतात. कोपरे धारदार असतील तर एक भाव, हलके झिजलेले असतील तर दुसरा, मधे घडी पडली असेल तर विचारूच नका. त्या आकड्यांत रमायला मला आवडायला लागलं, हे कबूल करायला हरकत नाही. भारतात असताना मी बँकेत होते; खात्याचा ताळा लागतो तेव्हा होणारा आनंद मला जुना ओळखीचा आहे.

पण या आकड्यांच्या मुळाशी जे आहे ते बघितलं आणि गंमत वाटली. कार्डांच्या बाजाराला ज्याने व्याकरण दिलं तो माणूस कार्डं पुस्तकात डिंकाने चिकटवत होता. जेफरसन बर्डिक त्याचं नाव. न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये कारखान्यात काम करणारा, संधिवाताने हात आखडलेला, एकटा माणूस. त्याने १९३९ साली अमेरिकन कार्डांची सूची काढली आणि प्रत्येक मालिकेला अक्षर नि आकडा दिला; आजही संग्राहक तेच आकडे बोलतात. जमवलेली तीन लाखांहून अधिक कार्डं नि चिटोरी त्याने न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमला दिली. नुसती देऊन थांबला नाही, तर तिथे जाऊन वर्षानुवर्षं ती स्वतःच्या हाताने वह्यांमध्ये डकवत बसला. १९६३च्या जानेवारीत काम संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. आजच्या एखाद्या दलालाला डिंकाची ही गोष्ट सांगा, त्याच्या पोटात गोळा येईल. बर्डिकला भावाशी कर्तव्य नव्हतं. कुठलं कार्ड कोणाचं, कुठल्या साली आलं, हे एकदा पक्कं लागावं एवढीच त्याची आस होती. मात्र नेमकी तीच खात्री पुढे विकली जाणार होती.

त्याच्या सूचीतल्या टी२०६ या मालिकेत जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रं दिली. पिट्सबर्गचा होनस वॅगनर त्यांतला एक. त्याने आपलं चित्र छापायला नकार दिला आणि छपाई थांबली. पोरांनी तंबाखूच्या नादाला लागू नये म्हणून त्याने नकार दिला, असं एक म्हणणं. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असं दुसरं. तो स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे मी दुसऱ्याकडे झुकते. काही का असेना, साठेक कार्डंच काय ती उरली.

त्यांतलं सर्वांत देखणं कार्ड १९९१ साली सदबीजच्या लिलावात हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने एका भागीदाराबरोबर ४,५१,००० डॉलरला घेतलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पीएसए नावाची कंपनी निघाली होती. तिचं काम एकच: कार्ड तपासायचं, १ ते १० मध्ये दर्जा द्यायचा, आणि कडक प्लास्टिकच्या डबीत ते कायमचं बंद करून वर चिठ्ठी लावायची. लोकांनी नव्या कंपनीवर विश्वास का ठेवावा? म्हणून तिने या वॅगनरला आपला पहिला क्रमांक दिला आणि दर्जा दिला ८. शंभरीकडे झुकलेल्या सिगारेटच्या पाकिटातल्या चिटोऱ्याला ८! तिथून कंपनीची गाडी भरधाव निघाली. कार्ड हातोहात फिरत २००७ साली २८ लाख डॉलरपर्यंत गेलं. आणि २०१३ साली शिकागोकडचा एक बडा लिलाववाला, बिल मास्ट्रो, लिलावातल्या गैरव्यवहारांच्या खटल्यात न्यायालयापुढे उभा राहिला तेव्हा त्याने कबूल केलं, की हे कार्ड ऐंशीच्या दशकात त्याच्याकडे होतं तेव्हा त्याने त्याच्या कडा कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला दर्जाच द्यायचा नाही, हा पीएसएचा नियम. म्हणजे ज्या कार्डाच्या खांद्यावर सगळ्या खात्रीचा डोलारा उभारला तेच कात्री लावलेलं. मास्ट्रोला २०१५ साली वीस महिन्यांची शिक्षा झाली.

मला या गोष्टीतला दुसरा वॅगनर जास्त आवडतो. २०२२ साली विकला गेलेला. कोपरे गोल झालेले, दर्जा फक्त २. कोणी त्याला सुंदर करायला गेलं नव्हतं. त्याला ७२.५ लाख डॉलर मिळाले.

हे वाचून झाल्यावर माझ्या मनात विकण्याची रीत पक्की झाली. इथे गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बहुतांशी खात्रीचे. कागद, शाई, ड्रॅगन हे सगळं दुय्यम. आणि माझ्यासारखी बाई, जिच्यामागे दुकान नाही, नाव नाही, तिने खात्री द्यायची तर एकच मार्ग आहे: खोट आपणच दाखवायची, गिऱ्हाइकाला शोधायला लावायची नाही.

पण आधी दुकानदारांकडे जाऊन आले. आमच्याकडे हायवेलगतच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी कार्डांचे बाजार भरतात. लांबलचक टेबलं, काचेच्या पेट्या, पाठीवर सॅक आणि हातात कुलपाची पेटी घेऊन फिरणारी तरुण मुलं. साडी नेसलेली नव्हते तरी त्या हॉलमध्ये माझ्यासारखी मी एकटीच होते, हे सांगायला नको. एका टेबलामागच्या तिशीतल्या मुलाने बाइंडर हातात घेतला आणि पानं अशी भराभर उलटली, की मला वाटलं याला नको आहे. तो शेवटच्या पानापर्यंत गेला, मग परत येऊन बरोबर सहा खणांवर बोट ठेवलं. बाकीच्या शेकडो कार्डांकडे त्याने पुन्हा पाहिलंही नाही. चारिझार्ड बाहेर काढायची परवानगी विचारली, उलटा केला, तिरपा केला, खालून मोबाइलचा टॉर्च मारला. खऱ्या कार्डाच्या पोटात काळसर थर असतो, त्यातून उजेड फारसा येत नाही; नकली कार्ड कंदिलासारखं उजळतं. ब्लास्टॉइझची पाठ बघून एकच शब्द बोलला, "इंक", आणि तो बाजूला ठेवला.

"काय अपेक्षा आहे, मॅम?"

"तुम्हीच सांगा, काय द्याल."

यावर तो हसला. आकडा आधी कोणी उच्चारायचा, हा खेळ त्याला अमेरिकेत शिकवला होता आणि मला सांगलीत. शेवटी तोच म्हणाला, चारिझार्डचे दोनशे दहा, रोख.

या दुकानदारांबद्दल आमच्या मंडळात फार वाईट बोललं जातं. लुटारू, अडाण्याला गाठून फसवणारे, वगैरे. माझं ते मत नाही. तो बाजारभावाच्या साठ-सत्तर टक्के देतो हे खरं. पण तो ते आत्ता देतो, उद्या भाव पडला तर तोटा त्याचा, टेबलाचं भाडं त्याचं, महिनोन्‌महिने न विकला जाणारा माल त्याच्या घरी. या धंद्यातला सगळ्यात नावाजलेला दलाल, अ‍ॅलन रोझेन, आमच्या न्यू जर्सीचाच. रोख नोटांनी भरलेली बॅग घेऊन तो घरोघर जायचा आणि तसे फोटो छापून जाहिरात करायचा. ज्याला घर सोडायचं आहे, फी भरायची आहे, किंवा नुसता कंटाळा आला आहे, त्याला ती बॅग बरी वाटते. चांगल्या किमतीतला एक मोठा हिस्सा विकणाऱ्याला घाई नसल्याचा असतो. मी त्या मुलाचे आभार मानले आणि साध्या कार्डांची खोकी तेवढी घाऊक भावात त्याला देऊन टाकली. मिळाले ते पार्किंगचे पैसे म्हणावेत एवढेच. पण खोकी गेली.

मग प्रश्न आला, चारिझार्ड पीएसएकडे पाठवायचा का. निनादचा आग्रह होता. मी कागदावर हिशेब मांडला. तपासणीची फी, जाण्यायेण्याचं विम्यासह टपाल, आणि वाट बघणं. १० मिळायला कार्डाचं चित्रसुद्धा मधोमध लागतं. समोरच्या बाजूने डावा-उजवा समास ५५-४५ पेक्षा जास्त कललेला चालत नाही. आमचा कललेला नव्हता, पण तो ओरखडा आणि ती टिपक्यांची रांग होती. माझ्या डोळ्यांना तो ५-६चा वाटत होता. तेवढ्या दर्जाला डबीतल्या आणि उघड्या कार्डाच्या भावात जो फरक पडतो, तो फीतच गेला असता. पाठवायचं ते ९-१० मिळेल असं कार्ड, किंवा इतकं महाग की खरेपणाची चिठ्ठी असल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. आईला आपलं पोर नेहमीच ९चं वाटतं. म्हणून शेजारच्या एका मुलाला बोलावून त्यालाही दर्जा द्यायला लावला. तो ५ म्हणाला.

तेव्हा ईबेवर टाकला. पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. पुढून एक, मागून एक, चारही कोपरे जवळून, आणि ओरखडा दिसेल अशा कोनात एक खास. तो फोटो जमता जमेना. ओरखडा डोळ्यांना दिसायचा आणि कॅमेऱ्याला हुलकावणी द्यायचा. आयुष्यात कधी वस्तूतली खोट उठून दिसावी म्हणून एवढी धडपड केली नव्हती. वर्णनात लिहिलं: मुलाचं कार्ड, एकाच घरात राहिलेलं, चकाकीवर उभा ओरखडा, पाठीवर वरच्या कडेला पांढरेपणा, फोटो नीट पाहून मगच घ्या. नवऱ्याने वाचून कपाळाला हात लावला. "विकायला काढलंयस की तक्रार नोंदवतेयस?"

झालं भलतंच. तशाच कार्डांच्या जाहिरातींत 'उत्तम स्थितीत' एवढंच लिहिलेले आणि अंधुक फोटो टाकलेले विक्रेते ताटकळत होते. मला दोघांनी प्रश्न विचारले, एकाने खालच्या डाव्या कोपऱ्याचा आणखी एक फोटो मागितला, आणि कार्ड सव्वातीनशे डॉलरला गेलं. ईबेचे तेराएक टक्के आणि टपाल-विमा वजा जाता हातात पावणेतीनशेच्या आसपास आले. दुकानदाराच्या दोनशे दहापेक्षा पासष्ट जास्त. त्या पासष्टांत माझे फोटो, उत्तरं, पोस्टाची रांग हे सगळं आलं. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी? घाई असती तर मीही म्हटलं असतं.

पाकीट बांधण्याचंही शास्त्र आहे. कार्डाला आधी मऊ पिशवी, मग कडक प्लास्टिकचं आवरण, त्याच्या तोंडाला रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी, कारण साधी पट्टी काढताना गोंद राहतो. पट्टीचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे घेणाऱ्याला नखाने खरवडावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, आणि मग बुडबुड्यांचं पाकीट. घेणारा ओहायोतला होता. त्याने पोचल्यावर लिहिलं, की सांगितलं तसंच आहे. या बाजारात याहून मोठी शाबासकी नाही.

ती किती मोठी, हे एका गाजलेल्या फसवणुकीवरून कळावं. यूट्यूबवाल्या लोगन पॉलने पहिल्या छपाईच्या पोकेमॉन पाकिटांची म्हणून सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली होती. जाणकारांनी ती आधी तपासून खरी ठरवलेली. २०२२च्या जानेवारीत सगळ्यांसमक्ष उघडली तर आत जी. आय. जो नावाच्या सैनिक-बाहुल्यांची कार्डं. सीलबंद मालाची पाठ बघता येत नाही, त्याचं हे मोल.

एवढं झाल्यावर आता मंडळात मी तज्ज्ञ ठरले आहे. भोंडल्याला, हळदीकुंकवाला लोक मोबाइलवर फोटो दाखवतात. आणि हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो, की नातवंडांसाठी पोकेमॉनच्या सीलबंद पेट्या घेऊन ठेवाव्यात का, पुढे शिक्षणाला होतील. त्यांना मी एका कार्डाची गोष्ट सांगते. १९५२ साली टॉप्स कंपनीने काढलेलं मिकी मँटलचं कार्ड २०२२च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. विकणाऱ्याने ते १९९१ साली पन्नास हजारांना घेतलं होतं. ते इतकं महाग का? त्या मालिकेचा शेवटचा भाग हंगाम संपता संपता बाजारात आला आणि खपला नाही. टॉप्सच्या साय बर्गरने पुढे स्वतःच सांगितलं, की गोदाम रिकामं करायला त्याने १९६०च्या सुमारास उरलेली खोकीच्या खोकी पडावावर लादली आणि अटलांटिकमध्ये नेऊन बुडवली. जी पोरांच्या हाती गेली ती सायकलच्या चाकांत, खिशांत, आयांच्या झाडूखाली संपली. जे उरलं ते कोणी मुद्दाम राखलेलं नव्हतं.

जुन्या कार्डांच्या किमतींच्या बातम्या ऐंशीच्या दशकात पसरल्या आणि अमेरिकेतल्या बापांनी कार्डं जपून ठेवायला सुरुवात केली. कंपन्यांनीही मागणी तसा पुरवठा केला. त्या काळातल्या मालाला आज 'जंक वॅक्स' म्हणतात. मेणकागदाच्या पाकिटांतला कचरा. सगळ्यांनी राखलं, म्हणून कोणालाच काही मिळालं नाही. त्या वेळच्या पेट्या अजूनही गराज सेलमध्ये दिसतात, सील न तोडलेल्या. पुढे कंपन्यांनी दुर्मीळपणाच बनवायला घेतला: मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्या नि जर्सीवरचे तुकडे असलेलं, एकच प्रत काढलेलं कार्ड २०२५च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २९ लाखांवर गेलं आणि मँटलला मागे टाकलं. ते एक होतं म्हणून. पोकेमॉनची कार्डं मार्च २०२४ पर्यंत ६४ अब्जांहून अधिक छापून झाली होती, आणि आजची पोरं पाकीट फोडल्या फोडल्या प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. त्या पिशव्यांतला माल तीस वर्षांनी कोण कोणाला विकणार?

निनादच्या बाइंडरचे सगळे मिळून आले ते एका विमानाच्या तिकिटाला पुरले असते. अशा नफ्यावर अमेरिकेत कर लागतो आणि संग्रहाच्या वस्तूंवर तो २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. ब्लास्टॉइझ त्याला टपालाने पाठवून दिला. विकायचा म्हटलं तरी कोण घेणार होतं.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं: जुना बाइंडर असेल तर तो पुसू नका, रबरबँड काढा, हिरवे आकडे बघा आणि खोट लपवू नका. नवीन पाकिटं नातवंडांना जरूर घेऊन द्या, फोडू द्या, भांडू द्या. त्यांच्या कॉलेजच्या फीसाठी मात्र ५२९चं बचतखातं उघडा.